हसाजीच्या मागे

अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातल्या एका गावाबाहेर बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचं, जुनं कबरस्तान आहे. पावसाळा नुकताच सरला होता, गवत कमरेएवढं वाढलेलं, आणि समुद्राकडून येणारा वारा सुरूच्या झाडांतून सू सू करत फिरत होता. मी काही शोधायला गेले नव्हते. गवतात एक साठीच्या पुढच्या बाई उकिडव्या बसून नारळाच्या शेंडीने दगड घासताना दिसल्या, म्हणून थांबले. शेवाळ सुटत गेलं तशी अक्षरं वर आली. वरती हिब्रू, मधे मराठी, तळाशी इंग्रजी. मराठीत ‘हसाजी’ होतं, इंग्रजीत ‘इझिकेल’, आणि हिब्रू ओळ त्यांनी उजवीकडून डावीकडे बोट फिरवत मला वाचून दाखवली, ‘यहेज्केल’. तिन्ही नावं एकाच माणसाची. ‘माझे आजोबा,’ त्या म्हणाल्या. त्या इस्रायलमधल्या अश्दोदला राहतात, लहानपणीच आईबापांबरोबर गेल्या, पण बोलणं अजून अस्सल आपल्या बाजूचं. मुलाला आजोबांचं नाव ठेवलंय, तिकडे सगळे त्याला हेझी म्हणतात. ‘तो विचारतो, हसाजी म्हणजे कोण? मी सांगते, तुझे पणजोबा. पण त्यांच्या मागे कोण होते, ते मला कुठे सांगता येतंय?’

तो प्रश्न त्यांनी सहज टाकला आणि पाण्याची बाटली दगडावर ओतली. मला मात्र तो सोडवेना. हसाजीच्या मागे कोण?

रायगडात वाढलेल्या माणसाला ही नावं परकी नाहीत. समाजी, अबाजी, मुसाजी, हसाजी अशा हाका आमच्या आजीच्या तोंडी होत्या, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांची गोष्ट तर आपण सगळ्यांनी ऐकलेली. पण या नावांच्या पाठीला ‘जी’ लागला की ती इतकी आपली होऊन जातात, की त्यांच्या मुळाशी जावंसंच वाटत नाही. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनामंदिर, १७९६ मध्ये ज्यांनी बांधलं त्या समाजी हसाजी दिवेकरांचं नाव जुन्या इंग्रजी कागदांत सॅम्युएल इझिकेल दिवेकर असं येतं. म्हणजे बापाचं नाव यहेज्केल, मुलाचं शमुएल. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या या माणसाने नवस फेडावा तसं ते देऊळ बांधलं, मांडवीतल्या त्या रस्त्याला आजही सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. पूर्व युरोपातल्या यिद्दिश बोलणाऱ्या घरांत याच नावाचं खास्केल झालं, बगदादच्या अरबी बोलणाऱ्या घरांत हेस्केल झालं. कोकणातला हसाजी त्यांच्याच रांगेतला भाऊ. तिघांची कधी गाठ पडली नसेल, पण तिघांच्याही आयांनी नाव लाडाने आखूड केलं ते जवळजवळ एकाच जागी तोडून.

मूळ यहेज्केल, म्हणजे बायबलमधला संदेष्टा, मात्र लाडावलेला वाटत नाही. तो यरुशलेमच्या देवळातल्या पुरोहितांच्या घराण्यातला. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबिलोनच्या राजाने यहुदी राजाला आणि त्याच्याबरोबर हजारोंना धरून नेलं, त्यांत हाही गेला. ज्या देवळात सेवा करायची त्यापासून शेकडो कोस दूर, कबार नावाच्या कालव्याच्या काठी, मातीच्या घरांत या लोकांना वसवलं. तो कालवा खराच होता, निप्पुरच्या मातीच्या पाट्यांवर त्याचं नाव सापडलं आहे. त्या काठावर यहेज्केलला आभाळ उघडलेलं दिसलं: चार तोंडांचे, पंखांचे प्राणी, चाकात चाक, चाकांच्या कडांना डोळेच डोळे. ते वर्णन वाचताना मला पहिल्यांदा धडकी भरली आणि मग एक साधी गोष्ट ध्यानात आली. त्या सिंहासनाला चाकं आहेत. देऊळ मागे राहिलं, पण देव कुठे अडकून पडलेला नाही, तो परमुलखातल्या कालव्यापर्यंत येऊ शकतो. ज्याचं सगळं हरवलं त्याला ही बातमी केवढी मोठी वाटली असेल! त्या वस्तीचं नाव तेल अवीव. पंचवीसशे वर्षांनी समुद्राकाठी नवं शहर उभं राहिलं तेव्हा लोकांनी हेच नाव त्याच्याच ग्रंथातून उचललं.

पण त्याच्या ग्रंथातली जी जागा मला सोडत नाही तिथे चाकंही नाहीत आणि प्राणीही नाहीत. चोविसावा अध्याय. देव त्याला सांगतो, तुझ्या डोळ्यांचं सुख मी एका घावात काढून घेणार आहे, आणि तू रडायचं नाहीस. कण्हायचं तर मुकाट्याने. डोक्याला पागोटं बांध, पायांत जोडे घाल, लोकांनी आणलेली भाकर खाऊ नकोस. पुढे दोन वाक्यांत सगळं संपतं: सकाळी मी लोकांशी बोललो, संध्याकाळी माझी बायको गेली, दुसऱ्या सकाळी मी सांगितल्याप्रमाणे वागलो. देऊळ पडल्यावर लोकांनाही असंच सुन्न व्हायचं आहे, याची ती खूण. मला या देवाचा राग येतो, तो मी लपवत नाही. एका बाईचा जीव खूण म्हणून जावा, आणि नवऱ्याला गळा काढून रडताही येऊ नये! तिचं नावही ग्रंथात नाही.

आणि इथेच तालमूदच्या, म्हणजे यहुदी धर्मचर्चेच्या थोरल्या ग्रंथाच्या, पंडितांनी जे केलं त्याने मी त्यांच्या प्रेमात पडले. त्यांनी विचार केला, यहेज्केलला हे सगळं मुद्दाम मना करावं लागलं, त्या अर्थी इतरांनी ते करायचंच असतं. त्याला जोडे घाल म्हटलं, तर बाकीच्यांनी सुतकात चामड्याचे जोडे घालू नयेत. त्याला लोकांची भाकर खाऊ नको म्हटलं, तर बाकीच्यांनी मातीहून आल्यावर पहिला घास स्वतःच्या घरचा खाऊच नये, शेजाऱ्यांनी आणलेला खावा. एका माणसाला नाकारलेलं दुःख त्यांनी सगळ्यांच्या हक्काचं केलं. माझे आजोबा गेले तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. घरातली चूल थंड होती, माजघरात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि मागच्या दाराने शेजारच्या बेने इस्रायल काकू पातेलंभर पिठलं आणि भात घेऊन आल्या होत्या. आपल्याकडे शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणायचा असतोच, त्यामुळे कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. काकूंनी आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि पहिला घास तिला स्वतः भरवला. पिठल्याला लसणीची फोडणी होती आणि ते जरा करपलं होतं, तो वास अजून माझ्या नाकात आहे. काकूंच्या घरी ही रीत चोविसाव्या अध्यायातून आलेली, आमच्या घरी कुठून आली कोण जाणे. त्या पातेल्यात दोन्ही एकत्र होत्या.

हा ग्रंथ आज आपल्या हातात आहे हेही नवलच. जुन्या पंडितांना तो पुरून ठेवावासा वाटत होता. शेवटच्या अध्यायांत यहेज्केल भावी देवळाचे जे नियम देतो ते मोशेच्या नियमांशी जुळत नाहीत, आणि पहिल्या अध्यायातला रथ तर इतका धोक्याचा की शहाण्या आणि स्वतःच्या अकलेने समजणाऱ्या शिष्याखेरीज तो एकट्यादुकट्यालाही शिकवू नये, असा दंडक. तेव्हा हनन्या बेन हिज्किया नावाचा पंडित पुढे आला. तालमूद सांगतं, त्याच्यासाठी तेलाचे तीनशे रांजण वर चढवले, तो माळ्यावर बसला आणि सगळे विरोध उकलल्याशिवाय खाली उतरला नाही. तीनशे रांजण! दिव्याला आणि जेवणाला तेल, बाकी रात्रंदिवस यहेज्केलच्या ग्रंथाची ती एक गुंडाळी. त्याने काय उत्तरं काढली ती तालमूद सांगत नाही, तेल मात्र मोजून सांगतं.

या नावाचे पुढचे पंडित मी वाचत गेले तेव्हा माझ्या डोक्यात तो माळा होता.

यहेज्केल लांदाऊ १७१३ मध्ये पोलंडातल्या ओपाटुव गावी जन्मले आणि १७५५ मध्ये प्रागचे मुख्य रब्बी, म्हणजे यहुद्यांचे धर्मगुरू आणि न्यायाधीश, झाले. त्याच्या दहा वर्षं आधी ऑस्ट्रियाच्या राणीने, मारिया तेरेसाने, प्रागमधून सगळे यहुदी हाकलले होते, तीनेक वर्षांनी परत येऊ दिलं. म्हणजे ज्या माणसांचा न्याय त्यांना करायचा होता ती नुकतीच निर्वासित होऊन परतलेली होती. दोन वर्षांत प्रशियाच्या फौजांनी शहराला वेढा घातला, तेव्हा निघून जायची संधी असून लांदाऊ लोकांबरोबर आतच राहिले. त्यांच्याकडे युरोपभरातून प्रश्न येत. लंडनहून आलेला एक प्रश्न मी पुन्हापुन्हा वाचला आहे: मूतखड्यावर शस्त्रक्रिया करताना माणूस दगावला, पुढच्या रोग्याच्या भल्यासाठी त्याचं प्रेत चिरून पाहावं का? लांदाऊंचं म्हणणं असं, की जीव वाचवण्यापुढे प्रेताचा मान गौण आहे यात शंकाच नाही, पण त्याच रोगाचा जिवंत रोगी आपल्यापुढे असला पाहिजे. कधीतरी कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून चिरत सुटलं तर कुठलंच प्रेत शाबूत राहणार नाही. आजही डॉक्टर आणि रब्बी यांच्यात हा वाद निघाला की हे उत्तर पुढे येतं. दुसऱ्या एका धनिकाने विचारलं, माझ्या जमिनीवर रान आहे, मी शिकार करू का? नियमाने यात काही बाधा नाही, असं ते आधी प्रामाणिकपणे मान्य करतात, आणि मग त्यांचा आवाज चढतो. शिकार बायबलातल्या शिकाऱ्यांची, निम्रोदाची आणि एसावाची, अब्राहाम-इसहाक-याकोबाच्या लेकरांची ही रीत नव्हे. पोटाच्या गरजेवाचून, नुसत्या मौजेसाठी जीव मारणं ही क्रूरता आहे, आणि रानात स्वतःचा जीव धोक्यात घालणं हेही पाप. नियम संपतो तिथे माणूस कसा बोलतो हे त्या पानावर दिसतं.

या उत्तरांच्या ग्रंथाला त्यांनी स्वतःचं नाव दिलं नाही. वडील यहुदा, म्हणून ‘नोदा बियहुदा’. तालमूदवरच्या टीकेच्या नावात आई हाया आहे. जन्मभर लिहून दोन ग्रंथांत आईबाप ठेवले, आणि लोकांनी मग त्या ग्रंथाचंच नाव लांदाऊंना लावलं. यहुदी जग आजही त्यांना ‘नोदा बियहुदा’ म्हणून ओळखतं. आपण रामदासांना दासबोधकार म्हणतो त्याहून एक पाऊल पुढचं हे, इथे माणूस पुसून बापाचं नाव उरलं. १७९३ मध्ये ते गेले. प्रागमधल्या झिझकोव्हच्या जुन्या यहुदी स्मशानात त्यांची कबर आहे. शेजारी आता टेलिव्हिजनचा उंच मनोरा उभा आहे.

दुसरे यहेज्केल आब्राम्स्की. ते लिथुआनियाच्या पद्धतीचे, म्हणजे एका ओळीवर चार दिवस घालवणारे. मिश्ना हा तालमूदचा मूळ पाया, त्याच्या जोडीने ‘तोसेफ्ता’ नावाचा एक आडबाजूचा संग्रह आहे, त्याच्या वाटेला फारसं कुणी जात नसे. आब्राम्स्कींनी आयुष्य त्यावर लावलं. टीकेला नाव दिलं ‘हझोन यहेज्केल’, पहिला भाग १९२५ मध्ये निघाला. ते तेव्हा सोव्हिएत राज्यात स्लुत्स्कला रब्बी होते. १९२८ मध्ये त्यांनी आणि रब्बी झेविन यांनी धर्मशास्त्राचं एक नियतकालिक काढलं, त्याचे दोनच अंक निघू शकले. पुढे अटक, पाच वर्षांची सक्तमजुरी, सायबेरिया. तिथे पुस्तक नाही, शिष्य नाही, पायांत धड जोडे नाहीत. सिगारेटच्या पातळ कागदांवर ते टीकेची टिपणं लिहीत असं सांगतात. पहाटे उठल्यावर म्हणायची कृतज्ञतेची ओळ त्या थंडीत कशी म्हणावी, आभार कशाचे मानावे, असा प्रश्न त्यांना पडला आणि ‘तुझी श्रद्धा थोर आहे’ या शेवटच्या शब्दांपाशी येऊन त्यांना उत्तर मिळालं, अशी आठवण त्यांच्या शिष्यांत चालत आली आहे. सगळं काढून घेतलं तरी श्रद्धा काढून घेता आली नाही, मग तिचेच आभार. मी श्रद्धाळू नाही. तरी ही आठवण वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ खिडकीशी उभी राहिले.

१९३१ मध्ये ते सुटले, लंडनला आले, तिथल्या यहुदी धर्मन्यायालयाचे प्रमुख झाले. दोन थोरले मुलगे मात्र काही वर्षं सोव्हिएत सरकारने अडकवून ठेवले. आणि ज्या बापाला कम्युनिस्टांनी सायबेरिया दाखवला त्याचा एक मुलगा, खिमेन, लंडनमध्ये कम्युनिस्ट झाला, घर मार्क्सच्या पत्रांनी आणि पुस्तकांनी भरून टाकलं. त्यानेही पुढे पक्ष सोडला, यहुदी इतिहासाचा प्राध्यापक झाला. बापलेक एकमेकांशी तुटले नाहीत. घरात वेगळ्या वाटेला गेलेलं माणूस असतं त्यांना यातला ताण सांगायला नको. आब्राम्स्की १९५१ मध्ये यरुशलेमला गेले, टीका चोवीस भागांपर्यंत नेली आणि १९७६ मध्ये, नव्वदीला, वारले.

त्याच यरुशलेमात त्याच वर्षांत तिसरे यहेज्केल होते, आणि हे रब्बी नव्हते. यहेज्केल काउफमान, जन्म १८८९, युक्रेनमधल्या पोदोलियाचे. त्यांचा पहिला मोठा ग्रंथ परागंदा अवस्थेवरचा: दोन हजार वर्षं विखुरलेली, प्रत्येक देशाची भाषा उचललेली ही माणसं विरघळून का गेली नाहीत? वंश नव्हे, जमीन नव्हे, धर्माने त्यांना वेगळं ठेवलं, असं त्यांचं उत्तर. मग त्यांनी इस्राएलच्या धर्माचा इतिहास हाती घेतला. हैफाच्या शाळेत मुलांना शिकवत, विद्यापीठाची खुर्ची नसतानाच सुरुवात केली, आणि १९३७ पासून १९५६ पर्यंत आठ खंड. जर्मन पंडितांचं मत होतं की एका देवाची कल्पना अनेक देवांतून हळूहळू वर आली, संदेष्ट्यांच्या काळात पिकली. काउफमान म्हणाले, नाही, ती मुळातच वेगळी होती, लोकांच्या साध्या समजुतींपर्यंत मुरलेली होती. पंचग्रंथ निरनिराळ्या हातांनी लिहिले गेले हे त्यांना मान्य, म्हणजे जुन्या वळणाच्या रब्बींना ते परके. आणि जर्मन शास्त्राचा पायाच नाकारला, म्हणजे विद्यापीठातही ते एकटे. हिब्रू विद्यापीठाने प्राध्यापक केलं तेव्हा त्यांना साठी आली होती. त्यांच्या सिद्धान्ताला नंतर पुष्कळ तडे गेले, उत्खननांनी चित्र गुंतागुंतीचं केलं, आणि मला स्वतःला ते फार ठाम वाटतात. पण एका शहरात एक यहेज्केल प्रत्येक अक्षर सिनाय डोंगरावरून आलं असं मानून तोसेफ्ता लावतो आहे, दुसरा तीच अक्षरं सुटी करून त्यांचा काळ ठरवतो आहे, आणि इस्रायलचा सर्वोच्च पुरस्कार काही वर्षांच्या अंतराने दोघांनाही मिळतो, हे मला फार मोलाचं वाटतं. मूळ यहेज्केलनेच देवळाचे नियम मोशेहून वेगळे लिहून हा वाद घरात आणला होता.

सुक्या हाडांचं खोरं हे त्याचं सर्वांत प्रसिद्ध दर्शन. हाडं खडखडत जुळतात, स्नायू चढतात, वारा शिरतो आणि अफाट सैन्य उभं राहतं. मृत समुद्राजवळच्या मसाद्याच्या किल्ल्यावर सिनेगॉगच्या जमिनीखाली पुरलेली एक फाटकी गुंडाळी सापडली, तिच्यात नेमका हा भाग आहे. तालमूदमध्ये वाद रंगतो, हे खरंच घडलं की दृष्टान्त? एक जण म्हणतो दृष्टान्तच. दुसरा म्हणतो, नाही, ती माणसं उठली, इस्राएलच्या भूमीत गेली, लग्नं केली, त्यांना मुलंबाळं झाली. तेव्हा रब्बी यहुदा बेन बतेरा उभे राहतात आणि म्हणतात, मी त्यांच्याच नातवंडांपैकी आहे, आणि ही प्रार्थनेच्या वेळी बांधायची तफिलिन माझ्या आजोबांनी मला त्यांच्याकडून आलेली म्हणून दिली. पंडितांच्या सभेत कुणी पुरावा म्हणून आजोबांची वस्तू काढून दाखवावी, आणि सभेने ती नोंदवून ठेवावी! वाद तिथे मिटला असं काही लिहिलेलं नाही.

आपल्या मुलखातही असं हातोहात देणं झालं आहे, आणि ते मराठीतून झालं आहे. १८३४ मध्ये जन्मलेले जोसेफ इझिकेल राजपूरकर मुंबईत डेव्हिड ससूनच्या शाळेत शिकवत, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. त्यांच्या नावाच्या मधे आपल्या रिवाजाप्रमाणे बाप बसला आहे, यहेज्केल. कोकणातल्या बऱ्याच बेने इस्रायलांना हिब्रू वाचता येत नव्हतं, प्रार्थना कानावर आलेल्या तेवढ्याच. राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकांमागून प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. १८७४ मध्ये पुण्यात इतरांनी काढलेल्या वल्हांडण सणाच्या पोथीत डावी-उजवीकडे हिब्रू आणि मराठी आहे, आणि चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकरी करत आहेत. त्या पोथीत, जगातल्या प्रत्येक हगादात (वल्हांडणाच्या पोथीचं हिब्रू नाव) असतं तसं, यहेज्केलच्या सोळाव्या अध्यायातलं वचन आहे: शेतातल्या अंकुरासारखं मी तुला वाढवलं, तू मोठी झालीस, पण उघडीवाघडी होतीस. कबार कालव्याच्या काठी उच्चारलेलं वाक्य पुण्यात मराठीत छापलं गेलं आणि पेण-पनवेलच्या घरांत मोठ्याने वाचलं गेलं. राजपूरकर १९०५ मध्ये वारले. ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी त्यांच्याच पिढीचे, त्यांचं नाव आपल्या वाङ्मयेतिहासात येतं आणि यायलाच हवं. पण एकोणिसाव्या शतकातल्या मराठी अनुवादांची हकीकत सांगताना राजपूरकरांना वगळणं मला आता पटत नाही. त्यांचं भाषांतर हे एका समाजाचं घरगुती कामकाज नव्हतं, ते मराठीचंही काम होतं, आणि ते आपल्या अभ्यासक्रमात, आपल्या ग्रंथालयांच्या यादीत, मराठी ग्रंथ म्हणूनच लागलं पाहिजे.